अवजारांचे कपाट कलंडू नये म्हणून: कार्यशाळेतील प्रकल्प नोंदी

४ मार्च

कार्यशाळेत अवजारांची दोन कपाटे आहेत. पहिले सात खणांचे, चार फिरत्या चाकांवरचे असून ते कामाच्या टेबलांमध्ये गरजेप्रमाणे ढकलत नेले जाते. दुसरे भिंतीलगत कायमचे उभे असते आणि त्याच्या डोक्यावर चार खणांची वेगळी पेटी ठेवलेली आहे. ही दोन्ही पुढच्या बाजूला कलंडू नयेत अशी कायमची व्यवस्था करणे, एवढाच या कामाचा आवाका आहे.

काम हाती घेण्याचे कारण असे की साठा मोजताना मदतनिसाने पहिल्या कपाटाचे वरचे चार खण उघडेच ठेवले होते, आणि पाचवा खण निम्म्याहून थोडा अधिक बाहेर येताच मागची चाके फरशीवरून उचलली गेली. त्याने खण तत्काळ आत ढकलला म्हणून कपाट पुन्हा चाकांवर बसले. अशा कपाटाखाली हात किंवा पाय सापडला तर काय होईल याचे वर्णन करण्याची गरज नाही.

तूर्त एकच सूचना कपाटावर चिकटवली आहे: एक खण बंद केल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. ही सूचना पुरेशी आहे असे मी मानत नाही. हातात ग्रीसने माखलेला भाग धरलेला असताना माणूस उघडा खण बंद करायला विसरतो, आणि ज्या सुरक्षेची सगळी भिस्त आठवणीवर आहे ती सुरक्षा घाईच्या दिवशी हमखास गैरहजर असते.

६ मार्च

आज पहिले कपाट रिकामे करून सगळे तोलले. पुढील हिशेब याच आकड्यांवर उभा राहणार असल्याने ते तपशिलात नोंदवतो.

खण काढून टाकल्यावर उरणारा सांगाडा ४५ किलो भरला. प्रत्येक रिकामा खण ४ किलोचा आहे. आतल्या सामानासह वरपासून खालपर्यंत खणांची वजने अनुक्रमे १२, १४, १६, १९, १९, २४ आणि ३४ किलो आली. सर्वात वर मोजमापाची अवजारे आणि स्क्रूड्रायव्हर, त्याखाली पाने आणि सॉकेट, मधल्या दोन खणांत कानशी, छिन्न्या, पकडी आणि हातोड्या, शेवटच्या दोन खणांत पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढायचे अवजार), आटे पाडायचे टॅप-डायचे संच, मोठे पाने आणि ड्रिलचे जबडे अशी मांडणी आहे. सातही खण मिळून १३८ किलो, आणि सांगाड्यासह एकूण १८३ किलो.

कपाट पुढून मागे ४६० मिलिमीटर आहे. पुढच्या चाकांचे खुंट, म्हणजे चाक ज्याभोवती दिशा बदलते तो उभा दांडा, समोरच्या पत्र्यापासून ६० मिलिमीटर आत आहेत आणि मागच्या चाकांचेही तसेच, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांत ३४० मिलिमीटर अंतर पडते. खण बॉल बेअरिंगच्या सरकत्या पट्ट्यांवर असून पूर्ण ४०० मिलिमीटर बाहेर येतात. हे शेवटचे माप सर्वात महत्त्वाचे आहे. जुन्या पद्धतीच्या लाकडी कपाटात खण निम्मा बाहेर आला की अडतो. या पट्ट्यांमुळे मागच्या कोपऱ्यातला लहानात लहान सॉकेटही सहज हाती लागतो, पण त्याच सोयीमुळे खणाचे सगळे वजन कपाटाच्या पायाबाहेर जाऊन लटकते.

७ मार्च

हिशेब पूर्ण झाला. कपाट पुढे कलंडेल ते पुढच्या दोन चाकांचे फरशीवरील टेकणबिंदू जोडणाऱ्या रेषेवर. त्या रेषेच्या मागे असलेले प्रत्येक वजन कपाटाला धरून ठेवते, पुढे असलेले प्रत्येक वजन त्याला खाली खेचते, आणि दोघांचाही जोर वजन गुणिले रेषेपासूनचे आडवे अंतर इतका असतो. कार्यशाळेत आपण याला मोमेंट म्हणतो. खाली तो किलो-मिमीमध्ये दिला आहे.

सांगाड्याचा गुरुत्वमध्य रेषेच्या १७० मिलिमीटर मागे आहे, त्यामुळे त्याचा मोमेंट ७,६५०. बंद खणांचा गुरुत्वमध्य १५० मिलिमीटर मागे धरला तर १३८ किलोंचा मोमेंट २०,७००. सर्व खण बंद असताना कपाटाला धरून ठेवणारा एकूण मोमेंट, म्हणजे स्थैर्याचा साठा, अशा रीतीने २८,३५० होतो. कोणताही खण पूर्ण उघडला की त्याचे वजन ४०० मिलिमीटर पुढे सरकते, म्हणजे खणाच्या प्रत्येक किलोमागे या साठ्यातून ४०० वजा होतात. साठा संपण्याची मर्यादा त्यामुळे ७१ किलोंना जरा कमी येते: एका वेळी उघड्या असलेल्या खणांचे एकत्रित वजन त्यापुढे गेले की कपाट कलंडणार.

वरचे चार खण मिळून ६१ किलो होतात. ते उघडे असताना साठ्यात फक्त ३,९५० उरतात, आणि १९ किलोंचा पाचवा खण २०८ मिलिमीटर बाहेर आला की तेही संपतात. ४ तारखेच्या नोंदीतली गोष्ट नेमकी याच ठिकाणी घडली होती.

याहून अस्वस्थ करणारा आकडा दुसराच आहे. चार खण उघडे असताना पाचव्याला कोणी हातही लावला नाही, पण एखाद्या उघड्या खणाच्या पुढच्या कडेवर कोपर टेकले, तर ती कड टेकणरेषेपासून ४६० मिलिमीटर पुढे असल्यामुळे साडेआठ किलोंचा दाब पुरेसा होतो. खाली वाकून शेवटच्या खणातले काही शोधणारा माणूस उठताना वरच्या खणाचा आधार घेतो, तेव्हा तो याहून कितीतरी जास्त वजन टाकतो.

आता जड वस्तू खाली ठेवण्याच्या सल्ल्याविषयी. हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो चुकीचा नाही, पण त्याच्याकडून जे अपेक्षिले जाते ते तो देत नाही. वरच्या हिशेबात उंची कोठेच आलेली नाही. ३४ किलोंचा खण तळाशी असो वा माथ्याशी, तो उघडल्यावर साठ्यातून १३,६०० वजा होणारच. या कपाटाचे खालचे तीनच खण एकदम उघडले तर ७७ किलो बाहेर येतात आणि कपाट कलंडायला लागते. वरून चार उघडले तर निदान तोल सांभाळून उभे राहते. उंचीचा संबंध कपाट एकदा तिरपे होऊ लागल्यानंतर, ते ढकलताना आणि उतारावर येतो. तेव्हा जड सामान खाली असणे फार उपयोगी पडते, परंतु ‘सगळे जड खाली आहे, आता चिंता नाही’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

११ मार्च

हिशेब कागदावर राहू नये म्हणून आज वजनकाट्याने पडताळणी केली. पद्धत सोपी आहे आणि तिच्यात कपाट कलंडण्याच्या टोकापर्यंत न्यावे लागत नाही. मागच्या दोन्ही चाकांखाली एक फळी आडवी घालून ती काट्यावर ठेवली, पुढच्या चाकांखाली तेवढ्याच जाडीची पट्टी दिली जेणेकरून कपाट पाणसळीत राहील, आणि खबरदारी म्हणून कपाटाच्या वरच्या कडेपासून मागच्या खांबाला पट्टा बांधला. पट्टा ताणलेला नसावा, नाहीतर तोच थोडे वजन उचलतो आणि काटा खोटे बोलतो. चारही चाके बाजूला वळवली, म्हणजे टेकणबिंदू खुंटांच्या रेषेत येतात.

हिशेबाप्रमाणे सर्व खण बंद असताना काट्यावर ८३ किलो दिसायला हवे होते, ८१ दिसले. पहिला खण उघडल्यावर काटा १४ किलोंनी उतरला, हेही हिशेबाशी जुळते. वरचे चार उघडल्यावर जवळपास साडेअकरा अपेक्षित होते, प्रत्यक्षात ९ आले. ही तूट मी उघड्या खणांच्या किंचित झुकण्यावर आणि आतले सामान पुढच्या बाजूला जास्त साठलेले असण्यावर टाकतो. पुढचे निर्णय घेण्यासाठी हिशेब विश्वासार्ह आहे, मात्र प्रत्यक्ष स्थिती कागदापेक्षा थोडी वाईटच असते, हे धरून चालावे.

मागच्या चाकांवर उरलेले वजन म्हणजेच कपाटाचे शिल्लक स्थैर्य. ज्यांना मोमेंटचा हिशेब करायचा नाही त्यांनी फक्त हा काटा वाचला तरी चालेल.

१२ मार्च

कालची चाचणी चाके बाजूला वळवून केली होती. आज तीच चाके निरनिराळ्या दिशांना वळवून केली, आणि या संपूर्ण कामातली सर्वात अनपेक्षित गोष्ट हाती लागली.

फिरत्या चाकाचा टेकणबिंदू त्याच्या खुंटाच्या बरोबर खाली नसतो. तो काही अंतर बाजूला असतो, आणि त्यामुळेच चाक ढकलण्याच्या दिशेला आपोआप वळते. आमच्या चाकांत हे अंतर ४० मिलिमीटर आहे. कपाट ज्या दिशेला जाते तिच्या उलट बाजूला टेकणबिंदू मागे राहतो. म्हणून कपाट भिंतीकडे ढकलले की पुढच्या चाकांचे टेकणबिंदू समोरच्या बाजूला येतात आणि पाया रुंदावतो. उलट, मागे पडलेला नट काढण्यासाठी कपाट पुढे ओढले की तेच बिंदू पोटाखाली जातात आणि पाया आखूड होतो.

फरक किरकोळ नाही. टेकणरेषा ४० मिलिमीटर मागे गेली की १८३ किलोंमागे ७,३२० मोमेंट गमावला जातो आणि उघड्या खणांची मर्यादा ७१ किलोंवरून सुमारे ५३ वर येते. रेषा पुढे आली तर मर्यादा ८९ होते. तेच कपाट, तेच सामान, तेच खण. फरक फक्त ते शेवटी कोणत्या दिशेला हलवले याचा.

नवी सूचना: कपाट जागेवर आणताना शेवटची हालचाल नेहमी मागच्या दिशेने, निदान वीतभर, करायची आणि मगच ब्रेक लावायचे. साधा ब्रेक फक्त चाक अडवतो. ज्या ब्रेकमुळे खुंटही अडतो असाच ब्रेक चाकाची दिशा धरून ठेवतो. आमचे ब्रेक पहिल्या प्रकारचे आहेत.

फरशीचा उतारही तपासला. धुण्याचे पाणी जावे म्हणून दिलेला उतार पन्नासास एक असा आहे. कपाटाचे तोंड उताराच्या दिशेने असेल तर मर्यादा पाच किलोंच्या आसपास घटते. चाकांच्या दिशेच्या मानाने हे थोडे आहे, तरीही कपाटाची पाठ उताराकडे असावी.

१८ मार्च

सामानाची फेरमांडणी केली. दोनच बदल खरे परिणामकारक ठरले. पहिला म्हणजे खणाच्या आत जड वस्तू मागच्या कडेला सरकवणे: शेवटच्या खणातले ३० किलो सामान ८० मिलिमीटर मागे गेले की खण उघडा असो वा बंद, २,४०० मोमेंट कपाटाच्या बाजूने वाढतो. मागे जाळीचा अडसर लावला, नाहीतर खण झटक्याने उघडताना सामान पुन्हा पुढे येते. दुसरा बदल म्हणजे वर्षातून क्वचित लागणारे पुलर कपाटातून काढून टेबलाखालच्या फळीवर ठेवणे. पण त्याबद्दल मतभेद झाला, कारण कपाट हलवण्याचा हेतूच सगळे सोबत असावे हा आहे. पुलर परत खणात गेले. पुढील सर्व हिशेब म्हणून ६ मार्चच्या वजनांवरच, म्हणजे प्रतिकूल बाजूनेच, चालू ठेवले आहेत.

कपाट रिकामे करून भरताना एक धोका लक्षात आला, तो स्वतंत्रपणे नोंदवतो. तळाचा जड खण भरून झाला आहे आणि बाकीचे सहा रिकामे आहेत, अशा वेळी कपाटाचा साठा केवळ १६,३५० असतो. तो एकच खण उघडल्यावर २,७५० उरतात, आणि कडेवर सहा किलोंचा दाब पडला की कपाट जाते. त्यात पुढची चाके आतल्या बाजूला वळलेली असतील तर १०३ किलोंच्या एकूण वजनामागे ४,१२० मोमेंट आधीच गेलेला असतो, म्हणजे कोणी हातही न लावता, एकच खण उघडल्याने, कपाट कलंडते. नवे कपाट आणल्यावर सगळे जण प्रथम तळाचा खण भरतात, आणि कपाट त्या वेळी सर्वात हलके असते. भरताना सर्व खण थोडे थोडे, मागच्या कडेपासून भरत आणावेत आणि रिकामे करताना सर्वात जड खण प्रथम रिकामा करावा.

२२ मार्च

एका वेळी एकच खण उघडेल अशी अडकण बसवता येईल का, याचा आज विचार झाला. कागदपत्रांच्या रुंद कपाटांत ती सर्रास असते आणि काही अवजारांच्या कपाटांतही कारखान्यातूनच येते. तिच्या एका प्रकारात उभ्या खाचेत लहान सळ्यांची रांग असते. रांगेत एकूण मोकळीक एका पाचरीपुरतीच ठेवलेली असते. खण उघडताना त्याची पाचर दोन सळ्यांमध्ये शिरून ती मोकळीक वापरून टाकते; दुसऱ्या खणाच्या पाचरीला मग जागाच उरत नाही. रचना सुंदर आहे, पण सळ्यांची टोके झिजत गेली की मोकळीक वाढते, आणि ती दोन पाचरींइतकी झाली की अडकण नावापुरती उरते.

आमच्या कपाटात ती नंतर बसवणे शक्य दिसत नाही. खणाची बाजू आणि सांगाडा यांतली फट साधारण १३ मिलिमीटर आहे आणि ती सरकत्या पट्टीनेच व्यापलेली आहे, त्यामुळे उभी रांग प्रत्येक पट्टीशी धडकते. मागच्या बाजूला रांग लावायची तर फिरणारा खटका आणि त्याला परत आणणारी स्प्रिंग प्रत्येक खणाला द्यावी लागेल. सात खणांसाठी असे हातकाम करून त्यावर माणसाचा पाय सोपवण्याची माझी तयारी नाही. पुढे नवे कपाट घ्यायचे झाल्यास अडकण ही पहिली अट राहील.

मागे तळाशी वजन टाकण्याचा पर्यायही तपासला. मागच्या चाकांच्या रेषेवर ४० किलोंची पोलादी पट्टी ठेवली तर १३,६०० मोमेंट मिळतो, म्हणजे तळाचा एक जड खण नेमका झाकला जातो. फरशी असमान असली की एक चाक अधांतरी राहते, म्हणून चाकांची क्षमता तीन चाकांवर वाटून तपासावी लागते. २२३ किलोंचे तीन भाग केले तर प्रत्येकी ७४ किलो येतात आणि आमची चाके १०० किलोंची आहेत, तेव्हा त्या बाजूने अडचण नाही. अडचण ढकलणाऱ्याची आहे. हा पर्याय राखून ठेवला.

२८ मार्च

पुढे येणारे पाय बसवण्याचे ठरले. टेकणरेषाच १६० मिलिमीटर पुढे नेली, म्हणजे समोरच्या पत्र्याच्याही १०० मिलिमीटर पुढे, तर साठा २८,३५० वरून ५७,६३० होतो आणि उघड्या खणांची मर्यादा १४४ किलो होते. सातही खण मिळून १३८ किलो असल्याने सगळे उघडे राहिले तरी कपाट उभे राहते. चार खण उघडे असताना कडेवर टाकता येणारा दाब, जो आधी साडेआठ किलो होता, तो ११० किलो होतो. सर्व सात उघडे असताना मात्र तो पुन्हा आठ किलोंवर येतो, तेव्हा एका वेळी एक खण ही सूचना पाय बसवल्यावरही काढायची नाही.

पायांसाठी ४० बाय ४० मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी घेतली. तळाचा पत्रा पातळ असल्यामुळे त्यावर वेल्डिंग करणे टाळले. नळ्या पुढून मागे पूर्ण लांबीच्या ठेवून चाकांच्याच बोल्टांनी, पत्र्याच्या आतून जाड पट्टी देऊन, कसल्या. चाके त्यामुळे नळीच्या उंचीइतकी, ४० मिलिमीटर, खाली आली आणि कपाट तितकेच उंच झाले, हे उंचीचे नुकसान मान्य केले. सर्वात वाईट स्थितीत एका पायावर ९२ किलोंपर्यंत भार येतो आणि त्यामुळे नळीत निर्माण होणारा ताण ३० मेगापास्कलच्या आत राहतो. साध्या पोलादाला २५० च्या आसपास सहन होते, म्हणून नळीबद्दल शंका नाही; बोल्टखालच्या पट्टीबद्दल जास्त काळजी घ्यावी लागते.

प्रत्येक नळीच्या टोकाला आटे असलेला दांडा आणि ८० मिलिमीटर व्यासाची रबरी थाळी आहे. थाळी खाली फिरवून फरशीला टेकवायची, मग कपाट जागचे हलत नाही. थाळी टेकवायला कोणी विसरले तर काय, हा प्रश्न लगेच विचारला गेला आणि तो योग्यच होता. पाय आत सरकणारे न ठेवता कायम बाहेर ठेवण्याचे कारण तेच आहे. थाळी वर घेतलेली असली तरी फरशीपासून १० मिलिमीटरपेक्षा वर जाऊ नये असा अडसर दांड्यावर लावला आहे, म्हणजे विसरल्यास कपाट साडेतीन अंशांच्या आसपास झुकून थाळीवर थांबते. एवढ्या झुकावात बंद खण आपणहून घसरत नाहीत हे काल कपाटाच्या मागच्या चाकांखाली पाचरी देऊन पाहिले: खणाच्या शेवटी जो हलका खटका असतो तो त्यांना धरून ठेवतो. दुसऱ्या खणाचा खटका झिजलेला निघाला आणि तो खण हळूहळू बाहेर आला, खटका बदलला.

कायम बाहेर असलेल्या पायांना माणूस ठेचाळणार हा आक्षेप खरा आहे. नळ्या पिवळ्या रंगवल्या, टोके गोल केली आणि त्या दोन्ही कडांच्या चाकांच्या रेषेतच असल्यामुळे कपाटासमोर उभे राहण्याची मधली जागा मोकळी राहिली. अंगठ्याला लागणारी ठेच आणि पावणेदोनशे किलोंहून जड कपाट यांत निवड करायची असेल तर ती अवघड नाही.

४ एप्रिल

दुसरे, भिंतीलगतचे कपाट आज जखडले. त्याची लांबी, रुंदी आणि भार पहिल्यासारखाच आहे, म्हणून तेच आकडे धरले. सगळे खण उघडे आहेत आणि शिवाय कोणी ४० किलो वजन कडेवर टाकले आहे असे मानले तरी, फरशीपासून एक मीटर उंचीवरच्या जोडाला सुमारे ४५ किलोंची ओढ बसते. तोच जोड २०० मिलिमीटर उंचीवर दिला तर ओढ २२६ किलोंपर्यंत जाते. जोड वर द्यावा, याचे कारण इतके सरळ आहे.

ओढ लहान असली तरी ढिलाई चालत नाही. साखळी किंवा सैल पट्टा लावला तर कपाट आधी काही अंतर वेगाने येते आणि मग झटका देऊन थांबते. तो झटका वरच्या आकड्याच्या अनेकपट असू शकतो, आणि तेवढ्यात खण बाहेर आलेले असतात ते वेगळेच. म्हणून ५ मिलिमीटरचा एल अँगल आणि काँक्रीटच्या खांबात १० मिलिमीटरचे अँकर बोल्ट वापरले. खाली भिंतीची पट्टी असल्याने कपाट आणि खांब यांत फट राहत होती. ती लाकडी ठोकळ्याने भरून मगच बोल्ट कसले, नाहीतर कसताना कपाटच मागे खेचले जाऊन पुढची चाके उचलली जातात.

कपाटाच्या पाठीचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जातो. बोल्ट त्यातून न घेता कोपऱ्यातल्या दुमडलेल्या उभ्या कडेतून घेतला आणि आतून लांब पट्टी दिली. वरची पेटी खालच्या कपाटावर नुसती ठेवलेली होती, हे तिची कडी सोडेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नव्हते. वरची पेटीच तेवढी भिंतीला बांधली असती तर खालचे कपाट मोकळे राहिले असते, आणि उलट केले असते तर पेटी पुढे घसरली असती. दोन्ही आधी एकमेकांना चार बोल्टांनी जोडली, नंतर जोडलेले कपाट खांबाला.

९ एप्रिल

हलवण्याविषयी. कपाट ढकलताना पुढचे चाक फरशीच्या भेगेत, वायरीवर किंवा हवेच्या नळीवर अडले तर ढकलणाऱ्याचा जोर कलंडवण्याच्या कामी येतो. समोरून किंवा मागून, म्हणजे आखूड बाजूने, ९०० मिलिमीटर उंचीवर जोर दिला तर ३२ किलोंच्या आत पुढची चाके अडलेले कपाट कलंडते. लांब बाजूने ढकलले तर ५७ किलो लागतात. म्हणून नेहमी कडेच्या दांड्याने, लांबीच्या दिशेने आणि बेताने ढकलावे. आखूड बाजूची हालचाल केवळ जागेवर बसवण्यापुरती. खणांना कुलूप लावल्याशिवाय कपाट हलवायचे नाही, कारण तिरके होताच जड खण आपणहून बाहेर येतो आणि त्यानंतर वरचे सगळे हिशेब एकाच वेळी उलटतात.

सर्वांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. कपाट कलंडायला लागले तर ते धरायचे नाही. सुरुवातीच्या क्षणी उघडा खण आत ढकलता आला तर ठीक. ती वेळ गेली असेल तर बाजूला सरकायचे, मागे नाही, कारण ते मागे येणाऱ्याच्याच अंगावर येते. पडलेले कपाट उचलण्याआधी बाहेर आलेले खण एकेक काढून घ्यायचे.

१५ एप्रिल

पहिल्या कपाटाची पुन्हा काटाचाचणी, या वेळी थाळ्या टेकवून. पुढच्या थाळ्यांपासून मागच्या चाकांपर्यंतचे अंतर आता ५०० मिलिमीटर आहे. खण बंद असताना ११५ किलो अपेक्षित होते, नळ्यांचे आपले वजन मिळवून ११९ आले. चार खण उघडल्यावर ६८. सातही उघडल्यावर काटा ५ आणि ६ यांच्या मध्ये थरथरत राहिला. पट्टा बांधलेला होता म्हणूनच ही शेवटची पायरी घेतली. चाके कोणत्याही दिशेला वळवली तरी पुढची टेकणरेषा थाळ्यांचीच राहत असल्याने १२ मार्चचा चाकांचा प्रश्न, कपाट थाळ्यांवर उभे असेपर्यंत, उरलेला नाही.

२ जून

खण पुन्हा तोलले. तिसरा खण १६ वरून २१ किलोंवर गेला आहे, कारण इंची मापाच्या सॉकेटांचा एक संच त्यात येऊन बसला आहे. एकूण १४३ किलो झाले. भर टाकल्याने बंद स्थितीतला साठाही वाढतो, तेव्हा मर्यादा थोडी वर सरकली आहे, पण सगळे खण उघडे असतानाचे अंतर आणखी कमी झाले. प्रत्येक खणाच्या आतल्या कडेवर त्याचे कमाल वजन रंगाने लिहिले आणि तो संच भिंतीलगतच्या कपाटात हलवला.

भिंतीच्या अँकर बोल्टांपैकी एक पाव फेरा सैल झालेला आढळला. तो कसून त्यावर दुसरा नट चढवला. पायांच्या नळ्यांचे बोल्ट घट्ट आहेत. डाव्या थाळीचे रबर तेलाने फुगले आहे आणि ते बदलायचे आहे.